दहातली पाच वाचा, मग मत द्या

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात शाळकरी मुलं दरवर्षी पुस्तकांना पुरस्कार देतात. तिथल्या ग्रंथालय संघटनेने 1994 साली 'सिल्व्हर बर्च' या पुरस्काराने सुरुवात केली. पुढे वेगवेगळ्या वयोगटांसाठी झाडांच्याच नावांचे आणखी पुरस्कार आले आणि सगळ्या उपक्रमाला मिळून 'फॉरेस्ट ऑफ रीडिंग' म्हणू लागले. ग्रंथपालांच्या समित्या कॅनडातल्या लेखकांच्या पुस्तकांच्या याद्या काढतात, शाळांची आणि गावांची ग्रंथालयं ती पुस्तकं मागवतात, मुलं हिवाळाभर वाचतात आणि वसंतात मत देतात. सिल्व्हर बर्चच्या यादीत दहा पुस्तकं असतात आणि मत द्यायचं असेल तर त्यातली किमान पाच वाचलेली हवीत.

या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही शेवटची अट. आपल्याला आवडलेलं एकच पुस्तक वाचून त्याच्यावर शिक्का मारण्याची सोय ती ठेवत नाही. पाच वाचायची म्हटलं की त्यातलं एखादं तरी नावडतं निघणार, एखादं आपल्या सवयीबाहेरचं निघणार. आणि एकाच वर्गातल्या तीस मुलांनी त्याच दहांमधली पाच-पाच वाचली, तर मधल्या सुट्टीत वाद व्हायचे ते होणारच. शाळेचे ग्रंथपाल त्या वादाला वेळ आणि जागा देतात, एवढंच. मे महिन्यात टोरांटोच्या सरोवराकाठी निकालाचा उत्सव भरतो आणि आपापल्या लेखकासाठी मुलं क्रिकेटच्या मैदानात ओरडावं तशी ओरडतात. पण तोवर खरं काम संपलेलं असतं. ते त्याआधीच्या महिन्यांमध्ये, हे पुस्तक त्या पुस्तकापेक्षा चांगलं का, हे एकमेकांना सांगताना झालेलं असतं.

ही कल्पना कॅनडाची एकट्याची नाही. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या ग्रंथालय संघटनेचा 'यंग रीडर्स चॉइस' पुरस्कार 1940 पासून चालू आहे, आणि त्याची सुचवण सिएटलच्या एका पुस्तकविक्रेत्याची होती. कॅन्सस राज्यात मुलांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार 1953 पासून आहे. ही राज्यं श्रीमंत म्हणून हे जमतं, असं कुणी म्हणेल. पण 1940 साली ती किती श्रीमंत होती, हे महामंदी आठवली तरी कळेल.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा. शासनमान्य ग्रंथालयं 11-12 हजारांच्या घरात आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली. त्यातली काही शंभरी कधीच ओलांडून गेली. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. यांतली बरीच वाचनालयं पुरस्कारही देतात. कुणा दिवंगत अध्यक्षांच्या नावे, कुणाच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, ठेवीच्या व्याजातून. पुस्तकांच्या प्रती मागवल्या जातात, दोन-तीन परीक्षक नेमले जातात, ते निर्णय देतात, मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. वाचनालयाच्या सभासदांचा यात सहभाग किती? समारंभाच्या दिवशी खुर्चीत बसण्याइतका. ज्या पुस्तकाला त्यांच्या वाचनालयाने पुरस्कार दिला ते त्यांच्या वाचनालयात असेलच, याचीही खात्री नसते.

परीक्षक वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. मुद्दा वेगळा आहे. तीन माणसांनी बंद खोलीत घेतलेल्या निर्णयातून तीन माणसांची चर्चा होते, आणि तीही कुणाला कळत नाही. साहित्य अकादमीच्या पुरस्कारालाही शेवटी तिघांचंच परीक्षक मंडळ असतं. निकाल जाहीर होतो, दोन ओळींचं निवेदन येतं, संपलं. शर्यतीत दुसरं कोणतं पुस्तक होतं, ते का मागे पडलं, कुणाचं मत काय होतं, हे वाचकापर्यंत पोचत नाही. पोचलं असतं तर मराठीत टीका नावाची गोष्ट थोडी जास्त जिवंत राहिली असती.

शिवाय तिघांच्या समितीला हात लावणं सोपं असतं. डिसेंबर 2022 मध्ये राज्य शासनाने स्वतःच्याच वाङ्मय पुरस्कारांमधला एका अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार आठवड्याभरात शासन निर्णय काढून रद्द केला आणि पुरस्काराची निवड करणारी समितीही बरखास्त केली. निषेध म्हणून काही लेखकांनी शासनाच्या साहित्यविषयक पदांचे राजीनामे दिले, काहींनी पुरस्कार नाकारले. त्या पुस्तकावर मतभेद असू शकतात. पण मतभेद होण्यासाठी पुस्तक वाचलेली माणसं लागतात, आणि त्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांपैकी ती किती होती, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. गावोगावच्या वाचनालयांत हजारो लोकांनी एखादं पुस्तक वाचून, भांडून, मत दिलेलं असेल तर त्या मतदारांना बरखास्त करता येत नाही.

पण ग्रंथालयांच्या याद्यांवरही दबाव येतोच. 2006 साली ऑन्टारिओत सिल्व्हर बर्चच्या यादीतल्या एका पुस्तकावरून मोठा वाद झाला. इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांच्या मुलाखतींचं ते पुस्तक होतं. कॅनडातल्या एका मोठ्या ज्यू संघटनेने ते लहान मुलांसाठी योग्य नाही, असा आक्षेप घेतला. काही शाळा-मंडळांनी ते धाकट्या वर्गांच्या हाती पडणार नाही अशी व्यवस्था केली. ग्रंथालय संघटनेने मात्र ते यादीतून काढलं नाही. म्हणजे वाचकांचं मतदान ठेवलं की ग्रंथपालाची जबाबदारी संपली, असं होत नाही. उलट यादी करणाऱ्याला कणा लागतो. अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहणाऱ्या आपल्या वाचनालयांना तो कुठून आणायचा, या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. याद्या मंत्रालयात न ठरता तालुक्या-जिल्ह्यात, वेगवेगळ्या हातांनी ठरल्या तर दाबायला एकच मान सापडणार नाही, इतकं मात्र सुचतं.

मतदान म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक येते, आणि तो दचकतो. त्याचं दचकणं रास्त आहे. वर्षानुवर्षं हजार-अकराशे मतदार अध्यक्ष निवडत. ते मतदार होते साहित्य संस्थांचे आणि स्वागत समितीचे. त्यांनी उमेदवाराचं एक तरी पुस्तक वाचलेलं असावं अशी अट कुठेच नव्हती. मग गठ्ठा मतं आली, दौरे आले, फोन आले, हरलेल्यांच्या तक्रारी आल्या. शेवटी संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने घटना बदलली आणि जानेवारी 2019 च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष निवडणुकीशिवाय ठरू लागला. यातून आपण धडा घेतला की साहित्यात मतदान नको. मला वाटतं, धडा चुकीचा घेतला. मतदार वाचक नव्हता, हा रोग होता. आपण मतदानच बंद केलं.

जगातही याचे दाखले आहेत. 'गुडरीड्स' संकेतस्थळावर 2009 पासून वाचकांची निवड होते. पुस्तक वाचलं का, हे तिथे कुणी विचारत नाही, त्यामुळे ज्याचे चाहते जास्त त्याचं पुस्तक वर. विज्ञानकथांच्या 'ह्यूगो' पुरस्कारात तर 2015 साली दोन गटांनी ठरवून नामांकनं भरली आणि चिडलेल्या मतदारांनी पाच विभागांत 'कुणालाच पुरस्कार नको' असा कौल दिला. मतपेटी ठेवली की लोकशाही आपोआप येत नाही, हे गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

त्यामुळे वाचलेलं असण्याची अट कशी पाळायची, हाच कळीचा प्रश्न. इथे वाचनालयाची बाजू भक्कम आहे. कुणी कोणतं पुस्तक कधी नेलं आणि कधी परत केलं, याची नोंद देवघेव विभागात असतेच. मत कुणाला दिलं हे गुप्त राहावं, मत द्यायचा हक्क मात्र या नोंदीवरून ठरावा. नेलं म्हणजे वाचलंच, असं थोडंच आहे, हा आक्षेप खरा. पण पाच पुस्तकं न वाचता घरी नेऊन, आठवड्याने परत आणून, पुन्हा पुढचं नेण्याइतका उत्साह असलेला गठ्ठा मतदार मला अजून भेटायचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वाचकांवर सोडलं तर ते चटपटीत, सोपं, रडवणारं तेच निवडतील. कविता आणि वैचारिक पुस्तकं कायम हरतील. हे अर्धं खरं आहे. मुलांच्या पुरस्कारांच्या याद्या पाहिल्या तर वेगवान गोष्टींचं पारडं जड दिसतंच. पण कॅन्ससच्या मुलांनी पहिल्याच वर्षी जे पुस्तक निवडलं त्याला अमेरिकेतल्या ग्रंथपालांचं न्यूबेरी पदक दोन वर्षं आधीच मिळालेलं होतं. फ्रान्समध्ये 1988 पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. गोंकूर या तिथल्या प्रतिष्ठेच्या पुरस्काराच्या पहिल्या यादीतल्या कादंबऱ्या सुमारे 2000 शाळकरी मुलामुलींना वाचायला देतात. दोन महिन्यांत दहा-पंधरा कादंबऱ्या. वर्गात चर्चा होते, वर्ग आपली पसंती ठरवतो, वर्गाचे प्रतिनिधी विभागात जाऊन भांडतात, तिथले प्रतिनिधी शेवटी रेन शहरात जमून निकाल देतात. 1988 आणि 1995 साली मुलं आणि मूळ गोंकूर पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे बुजुर्ग एकाच पुस्तकावर आले; एरवी बहुतेक वेळा वाटा वेगळ्या झाल्या. वेगळी निवड म्हणजे हलकी निवड, असं तिथे आज कुणी म्हणत नाही. प्रकाशक त्या पुरस्काराची पट्टी अभिमानाने मुखपृष्ठावर लावतात.

त्या पद्धतीत मला भावतं ते हे, की मताच्या आधी प्रत्येक पायरीवर बोलावं लागतं. सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या वर्गाचं पुस्तक दुसऱ्या शहरातल्या अनोळखी मुलांना पटवून द्यावं लागतं. "मला आवडलं" एवढ्यावर तिथे भागत नाही. ज्यांनी ते पुस्तक वाचलंय आणि ज्यांना ते आवडलेलं नाही, त्यांच्यासमोर बोलायचं असतं. आपल्या प्रकाशन समारंभात नेमकं याच्या उलट असतं. तिथे पुस्तक कुणी वाचलेलं नसतं आणि ते सगळ्यांना आवडलेलं असतं.

पुस्तकाविषयी वाईट बोलण्याची सोयच आपण ठेवलेली नाही. वाईट बोललं तर लेखकाशी वैर, किंवा कुणीतरी बोलायला लावलं असेल हा संशय. परीक्षणं बहुधा मित्रांनी लिहिलेली. मग खरं मत जातं कुठे? वाचनालयाच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडा. पेन्सिलीने लिहिलेलं असतं: "वेळ फुकट." खाली दुसऱ्या अक्षरात: "तुम्हाला कळलं नाही." त्याखाली तिसऱ्याचं: "शेवट आधीच कळतो, पण पान 140 नंतर वाचा." आणि या सगळ्यावर वाचनालयाचा शिक्का, 'पुस्तकावर काहीही लिहू नये.' मराठी पुस्तकांवरची सर्वांत प्रामाणिक चर्चा गेली कित्येक दशकं अशी गुन्हेगारासारखी, नाव न सांगता चालू आहे. तिला पुस्तकाच्या पानावरून उचलून एका वहीत आणलं, पुरस्काराच्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकामागे एक वही ठेवली, तर वाचनालयाचं नुकसान काही नाही. पुस्तकं स्वच्छ राहतील, हा वरचा फायदा.

वहीचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. चर्चेचा कार्यक्रम ठेवला की काय होतं, हे वाचनालयात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहतात, वीस मिनिटं बोलतात, त्यातली पंधरा स्वतःच्या नोकरीविषयी. संध्याकाळी साडेसहाची वेळ स्वयंपाकाची, त्यामुळे सर्वांत जास्त पुस्तकं नेणाऱ्या कितीतरी बायका त्या खोलीत नसतात. दुसऱ्या कुणाला बोलायचंच नसतं, लिहायचं असतं. वही सगळ्यांना सारखीच जागा देते. तोंडी चर्चा हवीच, पण ती वहीतली मतं वाचून सुरू व्हावी, म्हणजे गृहस्थांनाही आधी दुसऱ्यांचं ऐकावं लागेल.

आता व्यवहाराचा प्रश्न, आणि तो लहान नाही. एका वेळी बऱ्याच लोकांनी तीच पुस्तकं वाचलेली असल्याशिवाय चर्चा होत नाही. आपली वाचनालयं एका पुस्तकाची एक प्रत घेतात, तीही जिथे सवलत जास्त मिळेल तिथून. दहा पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्यायला सांगितलं तर ड वर्गाचं वाचनालय हात जोडेल. तिथे कर्मचारी एकच, तोच ग्रंथपाल, तोच शिपाई, आणि त्याचा पगार सांगण्यासारखा नसतो.

याचं उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. त्याच्याकडे कुणी त्या नजरेने पाहिलेलं नाही, एवढंच. का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीने एक अशी गोष्ट जपली आहे जी दुसऱ्या भाषांमध्ये क्वचित सापडते. आणि जवळजवळ प्रत्येक बऱ्या वाचनालयात दिवाळी अंक योजना असते. वेगळी वर्गणी भरायची, आणि पुढचे तीन-चार महिने अंक बदलत राहायचे. पन्नास-शंभर अंक, काही ठिकाणी त्याहून जास्त. अंक लवकर परत करावा लागतो, त्यामुळे तो पटापट फिरतो. एका गावातले शे-दीडशे लोक एकाच मोसमात तेच अंक वाचत असतात. ऑन्टारिओच्या ग्रंथपालांना ज्यासाठी मुद्दाम आटापिटा करावा लागतो ती परिस्थिती आपल्याकडे दर दिवाळीत आपोआप तयार होते. टेबलापाशी उभं राहून ऐका, चर्चाही चालूच असते. "हा नका नेऊ, निम्म्या जाहिराती आहेत." "यातली ती धरणाची कथा वाचलीत का?" नामांकन याहून वेगळं काय असतं?

दिवाळी अंकांना पुरस्कार आजही मिळतात, बरेच मिळतात. पण ते संस्था देतात आणि संपूर्ण अंकाला देतात. माझं म्हणणं, वाचकांनी अंकाला मत देऊच नये. अंक नावावर चालतो. जुन्या नावाला सवयीने मत पडेल. मत द्यावं ते एका कथेला, एका लेखाला. डिसेंबरअखेरपर्यंत वाचकांनी वहीत नावं सुचवावीत, ग्रंथपालाने आणि दोन-तीन जाणत्या सभासदांनी त्यातून दहा निवडावीत. निवडताना सगळ्या कथाच येणार नाहीत, एखादा ललित लेख, एखादं वार्तांकन, एखादी कवितांची पानंही येतील, हे पाहावं. जानेवारीभर त्या दहा मजकुरांचे अंक बाहेर न देता वाचनकक्षात ठेवावेत, म्हणजे ज्याला वाचायचंय तो बसून वाचेल. तिथे बसून वाचणाऱ्याची नोंद देवघेवीत येत नाही, तर वाचल्यावर त्या मजकुराच्या वहीत एक ओळ लिहावी, तीच नोंद. दहातले पाच वाचले की मत. निकाल 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. त्या दिवशी वाचनालयाला काहीतरी कार्यक्रम करावाच लागतो, आणि कुणाला बोलवायचं हा दरवर्षीचा घोर असतो.

संपादकांना याचा उपयोग सर्वांत जास्त. आपल्या अंकातलं काय वाचलं गेलं, हे आज त्यांना नीट कळत नाही. त्यांना कळतं ते जाहिराती किती आल्या आणि प्रती किती परत आल्या. लेखकाला तर मानधनाच्या पाकिटाखेरीज काहीच कळत नाही, आणि पाकीट दरवेळी येतंच असं नाही. एखाद्या तालुक्याच्या वाचनालयातल्या साठ लोकांनी आपली कथा वाचली, एकवीस जणांनी तिला मत दिलं आणि चौदा जणांनी वहीत लिहिलं की शेवट फसला आहे, हे कळणं शालीपेक्षा कितीतरी कामाचं.

यात अडचणी येतील. एखाद्या गावात स्थानिक लेखकाची कथा यादीत येईल आणि त्याचे सगळे नातेवाईक पाच-पाच मजकूर वाचून मतदानाला येतील. येऊ देत. एरवी त्यांनी ते मजकूर वाचलेच नसते. एखाद्या वाचनालयात मतं बावीसच पडतील आणि वर्तमानपत्रवाले हसतील. बावीस वाचक म्हणजे तिघा परीक्षकांच्या सातपट, हे त्यांना सांगता येईल. काही कार्यकारी मंडळांना वाचकांची निवड स्वतःच्या प्रतिष्ठेवरचं अतिक्रमण वाटेल. त्यांनी मातोश्रींच्या नावाचा पुरस्कार खुशाल चालू ठेवावा, दोन्ही एकाच व्यासपीठावरून द्यावेत आणि लोकांना ताडून पाहू द्यावं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून सांभाळायला हवी. निकाल सांगताना फक्त पहिलं नाव वाचून दाखवू नये. दहाही मजकुरांना पडलेली मतं फळ्यावर लिहावीत आणि वह्या महिनाभर टेबलावर उघड्या ठेवाव्यात. ज्या लेखाला दोनच मतं पडली, ती देणाऱ्या दोघांनी वहीत काय लिहिलंय ते वाचून पुढच्या आठवड्यात चार जण तो अंक मागायला आले, तर ग्रंथपालाने तो पुन्हा बाहेर द्यायला सुरुवात करावी, मुदत संपली म्हणून कपाटात बंद करू नये.